वकील की दवाखाना

मधुकर तांबे हा माणूस मला सुरुवातीला अजिबात आवडत नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्याचे गोडवे गाणार आहे. पावण्याच्या आमच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात तो टाइम ऑफिसात क्लार्क होता आणि हजेरीचं मस्टर त्याच्या ताब्यात असायचं. आठ वाजून तीन मिनिटं झाली की त्याचं लाल पेन खिशातून निघायचं, आणि मी तर रोज आठ वाजून चार मिनिटांनी पोचणारा माणूस. "धर्मराज, लेट," एवढंच म्हणायचा. ओरडायचा नाही की हसायचाही नाही. शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं, केस चापून बसवलेले. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं, ह्याच्याशी काय भांडणार?

मस्टरच्या बाबतीत तो सोवळ्यातला होता. खाडाखोड चालायची नाही. एखादं नाव चुकलंच, तर त्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवायची, पट्टीवर बरोबर नाव लिहायचं आणि कोपऱ्यात 'दुरुस्ती' असं लिहून सही नि तारीख टाकायची. घरच्या किराणा यादीतही तो अशाच पट्ट्या लावतो, असं त्याची बायको मीनावहिनी सांगायची. आम्हाला तेव्हा तो विनोद वाटायचा.

कारखान्यात परदेशातून रद्दीचे गठ्ठे यायचे. तिकडे न खपलेली पुस्तकं कुणी परत विकू नयेत म्हणून मुखपृष्ठ फाडून रद्दीत घालतात, असं गोडाऊनचा सुपरवायझर सांगायचा. त्यामुळे आमच्याकडे येणारी पुस्तकं सगळी बोडकी. ती पल्परमध्ये जायची. पल्पर म्हणजे तळाशी पातं फिरणारा पाण्याचा मोठा हौद. वरून कागद टाकला की घडीभरात लगदा. जेवणाच्या सुट्टीत सगळे पत्ते कुटायचे तेव्हा तांबे गोडाऊनमध्ये जाऊन गठ्ठ्यांत वाचण्यासारखं काही मिळतंय का ते बघायचा. चिपळूणकडच्या खेड्यातून येऊन, नोकरी करत बी. ए. झालेला माणूस. इंग्रजी वाचायची त्याला भूकच होती. चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात त्याला तिथे तीन बोडकी पुस्तकं सापडली. त्यांत गोष्ट नव्हती, कविता नव्हती, नुसते नियम होते.

नियम एका खेळाचे. म्हणजे तिन्ही पुस्तकांत खेळ एकाच जातीचा, पण प्रत्येकाचं शास्त्र वेगळं. चार-पाच माणसांनी बसायचं. एकानं सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं. कुणी शिपाई, कुणी चोर, कुणी वैद्य. सूत्रधार प्रसंग सांगणार, माझं सोंग आता काय करतंय ते प्रत्येकानं सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशावर ठरणार. ना पट, ना प्यादी, आणि शेवटी कुणी जिंकतही नाही. तांबे म्हणायचा, "आमच्या गावच्या नमन-खेळ्यांत सोंगं नाचतात, ही बसून घ्यायची. फरक काय?"

त्यानं पुस्तकांचा रीतसर गेटपास केला. 'वाचनासाठी रद्दी पुस्तके, तीन नग.' लिहिला त्यानंच, सही केली त्यानंच, आणि स्थळप्रत फायलीला लावून ठेवली.

खेळायला त्याला दोन माणसं मिळाली. एक मीनावहिनी, ती बालवाडीत शिकवायची. दुसरा हिरामण, आमच्या कारखान्यातला फिटर. हिरामण शिरवण्याचा मूळ गावकरी. त्याच्या बापजाद्यांची मिठागरं सरकारनं नव्या शहरासाठी घेतली होती आणि त्या रागाला वाट कुठे द्यावी हे त्याला कळत नव्हतं. आमची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. दर शुक्रवारी सकाळी नऊपासून हिरामणच्या ओटीवर चटई टाकून खेळ मांडला जायचा.

पुस्तकांना नावं नव्हती, म्हणून यांनीच ठेवली. पहिल्याचं नाव 'सतरा'. त्याला वीस बाजूंचा फासा लागायचा. तो बाजारात कुठे मिळणार? हिरामणनं नायलॉनचा गोळा घेऊन कानशीनं वीस बाजू पाडल्या. फासा दिसायला झकास झाला, पण कसाही टाका, पठ्ठ्या सतरावरच बसायचा. या खेळात आकडा जितका मोठा तितकं बरं, त्यामुळे चार शुक्रवार सगळी सोंगं जे म्हणतील ते करू शकत होती, आणि मग सगळ्यांना कंटाळा आला.

दुसऱ्याचं नाव 'वकील', कारण त्यात कलमं, पोटकलमं आणि पोटकलमांना अपवाद. तांब्याचा जीव होता त्या पुस्तकावर. त्याच्या समासात त्यानं बारीक अक्षरात दीड वर्ष लिहिलं होतं. खाडीकाठचा एक अख्खा मुलूख त्यानं त्यात वसवला होता. कुठल्या बंदरात कुठला जकातदार, कुठल्या पौर्णिमेला किती भरती, सगळं जागच्या जागी. हिरामणला मात्र वकील सोसायचा नाही.

"यात नुसती होरी सोराची तं अर्ज लिवावा लागतंय," तो ड चा र करत कुरकुरायचा. "आमची मिठागरां गेली तवा पन येवरं कागद नवतं."

हिरामणच्या समाधानासाठी तिसरं पुस्तक काढलं गेलं. त्याचं नाव 'दवाखाना'. त्यात मार कुठे बसला, हात की पाय की डोकं, त्यानं काय बिघडलं, किती दिवसांत भरून येईल, याचे तक्तेच्या तक्ते होते. त्याला एक ते शंभर आकडे लागायचे. तांब्यानं हाऊजीचा डबा आणला, नव्वद लाकडी चकत्या त्यातल्या आणि वरच्या दहा आमच्याच कारखान्याच्या पुठ्ठ्याच्या, सगळ्या एका पिशवीत. या खेळात छोटा आकडा चांगला. तुमच्या अंगात नेमबाजी चाळीस असेल, तर चाळीसच्या आत चकती निघाली पाहिजे. महिनाभर हिरामणचा शिपाई एकदाही पार फसला नाही. शेवटी मीनावहिनीच्या लक्षात आलं, की तो पिशवीत हात घालून पुठ्ठा चाचपतो आणि सोडून देतो. तिनं शंभरच्या शंभर चकत्या पुठ्ठ्याच्या कापल्या.

हे सगळं मला नंतर कळलं. तोवर मी कटिंग मशीनवर होतो आणि शुक्रवारी दुपारी बारापर्यंत झोपत होतो.

पंच्याऐंशीच्या जुलैमध्ये माझा उजवा हात गेला. मनगटाच्या वर दोन बोटांच्या अंतरावरून तुटला. चूक माझीच, तिरका गेलेला पुठ्ठा सरळ करायला मी मशीन न थांबवता हात घातला. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. कामगार विम्याच्या हॉस्पिटलात तीन आठवडे होतो. मॅनेजरसाहेब भेटायला आले आणि म्हणाले, "टाइम ऑफिसला दुसरा माणूस घ्यायचाय. तू मॅट्रिक आहेस. दिवाळीनंतर डाव्या हातानं मस्टर लिहून दाखव, जागा तुझी." बोलणं चांगल्या मनानं होतं, पण मला ते चेष्टेसारखं लागलं. डाव्या हातानं मला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं.

गावाहून, उदगीरकडून, आईचं पत्र आलं. सुंदराबाई माझ्या आईचं नाव. तिला लिहिता येत नव्हतं, शेजारच्या पोराकडून लिहवून घेतलेलं. 'निघून ये. हिकडं दोन भाकरी कमी पडनार न्हाईत.' मी ठरवलं, जायचं. गावात माझ्यासाठी काम नव्हतं हे मला ठाऊक होतं. आईच्या भाकरीवर, ओसरीला बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या 'अरेरे' ऐकत उरलेलं आयुष्य काढायचं, एवढाच त्याचा अर्थ होता. वय माझं सव्वीस.

शिरवण्यातली खोली सोडायची तयारी करत होतो तेव्हा तांबे दारात उभा राहिला. "जयभीम," म्हणाला. मला वाटलं सहानुभूती घेऊन आलाय. ती त्यानं आणली नव्हती. म्हणाला, "उद्या शुक्रवार. एक माणूस कमी पडतोय आमाला. हिरामणच्या ओटीवर ये."

"कशाला?"

"खेळायला."

"मी गावाकडं जायलालो."

"जा ना. शनिवारी जा."

केवळ त्याला गप्प करायला मी गेलो. ती सोळा ऑगस्टची सकाळ होती. मला सोंग निवडायला सांगितलं. माझ्या गावाला नदीसुद्धा वर्षातून चार महिने असते, म्हणून मुद्दाम म्हणालो, "नावाडी." हिरामण इतका हसला की त्याच्या म्हाताऱ्या आईनं आतून डोकावून बघितलं. पण तांब्यानं गंभीरपणे लिहून घेतलं. माझ्या ऐवजी चकत्या मीनावहिनी काढत होती. चार तास कसे गेले ते कळलं नाही, आणि त्या चार तासांत मी हाताचा विचार केला नाही. शनिवारी मी गेलो नाही. पुढच्या शनिवारीही नाही.

एक शुक्रवार वकील आणि एक शुक्रवार दवाखाना असा तेव्हा नियम होता, कारण कुठला खेळ कायमचा धरायचा यावर त्यांचं एकमत होत नव्हतं. मला तर दोन्हीतला फरकही धड कळत नव्हता. पण चौथ्या-पाचव्या शुक्रवारी दवाखाना खेळताना एक गोष्ट खटकायला लागली. बाण लागला तो छातीला. तलवार लागली ती मांडीला. मीनावहिनीचा चोर तटावरून पडला, तो हातावर पडायला हवा होता, तर तांबे म्हणाला, "पाय मुरगळला." महिनाभरात त्या अख्ख्या मुलखात एकाही माणसाच्या हाताला खरचटलंसुद्धा नव्हतं.

मी डाव्या हातानं पुस्तक ओढून घेतलं. जखमांच्या तक्त्यावर पांढऱ्या पट्ट्या. अकरा पट्ट्या. पुढचं अर्धं पान तर एकाच मोठ्या कागदानं झाकलेलं. आणि प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात, बारीक सुवाच्य अक्षरात: 'दुरुस्ती. म. तांबे. १५/८/८५.'

मी पहिल्यांदा आलो त्याच्या आदल्या दिवशीची तारीख. पंधरा ऑगस्टची सुट्टी या माणसानं घरी बसून, खळ कालवून, माझ्यापासून हात लपवण्यात घालवली होती. आणि लपवतानासुद्धा सही केल्याशिवाय त्याला राहवलं नव्हतं!

माझं टाळकं सटकलं. "मला काय लेकरू समजायलास व्हय रे?" मी ओरडलो. "हात हा शब्द काढला तर मी रडेन असं वाटलं? किराणाच्या यादीवानी मलाबी पट्टी मारलास?"

तांबे लाल झाला. म्हणाला, "तसं नाय रे, मला वाटलं..."

"तुला काय वाटतं ते तुझ्या मस्टरमध्ये लिव."

पुस्तक काखेत मारून मी निघून आलो. मागून मीनावहिनी तांब्याला म्हणालेली ऐकू आली, "ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं." ते मला आणखीच झोंबलं.

दुसरा दिवस मी त्या पट्ट्या काढण्यात घालवला. खळ चांगली होती, आमच्याच कारखान्याची. पाण्याचा हात लावायचा, डाव्या अंगठ्याच्या नखानं कोपरा उचलायचा, कागद फाटू न देता सोलायचा. रागाच्या भरात मी सकाळी बसलो तो दिवेलागणीपर्यंत. शेवटी मोठा कागद निघाला. त्याखालचं वाचायला शाळेतला जुना शब्दकोश काढावा लागला. एकेक शब्द लावत गेलो.

तिथे लिहिलं होतं, की सोंगाचा सरावाचा हात गेला, तर दुसऱ्या हाताची सगळी कामं पाच या आकड्यापासून सुरू होतात. शंभरात पाच. दुसरा हात वापरला, की काम जमो अगर फसो, कागदावर एक खूण करायची. मोहीम संपली की त्या खुणेपायी एक चकती काढायची. चकती तुमच्या आकड्यापेक्षा मोठी आली, तर तुमचे पाच वाढले. मी ते तीनदा वाचलं, कारण मला खरं वाटेना. ज्याला नव्वद येतं त्याला शिकणं अवघड. ज्याला पाच येतं, त्याचं वाढणार हे जवळजवळ ठरलेलं. फक्त हात वापरला पाहिजे.

तांब्यानं जखम लपवायला कागद चिकटवला आणि त्याच कागदाखाली हेही बुजवून टाकलं. त्यानं पुढचं वाचलंच नव्हतं. मस्टरमध्ये चुकीची ओळ दिसली की तो पट्टी मारणारा माणूस. पट्टीखाली आणखी काय आहे ते कशाला बघेल?

पुढच्या शुक्रवारी मी पुस्तक घेऊन ओटीवर गेलो. "माझ्या नावाड्याचा उजवा हात तोड," म्हणालो.

तांबे मान हलवून म्हणाला, "असं मागणीवर नाय तोडता येत. लढाईत तुटला तर तुटला. नियम आहे."

पट्ट्या मारताना कुठे गेला होता नियम? पण तो हटेना. मग मी दर शुक्रवारी दवाखानाच मांडायला लावला आणि माझ्या बिचाऱ्या नावाड्याला दिसेल त्या मारामारीत पुढे काढायला लागलो. चाचे आले, नावाडी पुढे. वाघ आला, नावाडी पुढे. दोन शुक्रवार त्याला काहीही होईना. मीनावहिनी म्हणाली, "भावजी, देवाला नवस बोला आता." तिसऱ्या शुक्रवारी एका जकातदाराच्या शिपायानं एकदाचा तो हात तोडला आणि हिरामणनं ओटीवर टाळी वाजवली. त्याची आई पुन्हा डोकावली. आम्ही चौघंही हसत होतो. हात तुटण्यावर मी हसू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

तिथून पुढे चकत्या मी स्वतः काढायला लागलो, डाव्या हातानं. नावाड्याचे दिवस वाईट होते. वल्हं निसटायचं, दोर सुटायचा, एकदा तर जेवताना थाळा पाण्यात गेला. "धर्मा, तुजा नावारी नावंतच कमी नं पान्यानंच जास्त हाय," हिरामण म्हणायचा. पण प्रत्येक वेळी मी कागदावर खूण करत होतो. पाचाचे दहा झाले. दहाचे पंधरा. सोंगाला हे लागू तर मला का नको, म्हणून मीनावहिनीनं बालवाडीतून आणून दिलेल्या दुरेघी वहीत मी रोज एक पान डाव्या हातानं लिहायला बसलो. अक्षर म्हणजे ओल्या मातीतून कोंबडी चालून गेलेली. तरी तीन पानं झाली की कोपऱ्यात खूण करायची आणि चकती काढायची. एक दिवस चकती छोटी आली तेव्हा त्या दिवसाचे पाच मी प्रामाणिकपणे सोडून दिले. दिवाळीच्या आधी नावाडी तिसावर होता आणि मी पंचेचाळीसवर.

आणि मग गोडाऊनची तपासणी झाली. रद्दी बाहेर जाते अशी कुणीतरी तक्रार केली होती. गेटपासच्या फायली निघाल्या, आणि बाकी कुणाचं काही सापडलं नाही. सापडली ती तांब्याची स्थळप्रत. नेलेलं लिहून ठेवणारा अख्ख्या कारखान्यात तो एकटाच. मॅनेजरसाहेबांना हसावं की रागवावं कळेना. त्यांनी बजावलं, की तिन्ही पुस्तकं घेऊन या. एक ठेवायची परवानगी मी माझ्या सहीनं देतो, बाकीची माझ्या डोळ्यांदेखत पल्परमध्ये.

त्या दुपारी मी विम्याच्या कागदावर सहीऐवजी डावा अंगठा द्यायला कारखान्यात आलो होतो. पल्परपाशी तांबे उभा दिसला, तीन पुस्तकं छातीशी धरून. शेजारी साहेब, पलीकडे हिरामण हातात पाना घेऊन. 'सतरा' तांब्यानं लगेच टाकलं. मग उरली दोन.

त्यानं 'वकील' उघडलं. समासातलं त्याचं अक्षर मला लांबूनही दिसत होतं. दीड वर्षाचं काम. ती बंदरं, ते जकातदार, त्या भरत्या. दुसरी प्रत जगात कुठे मिळणार? पुस्तकाचं नावसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. मी तिथूनच ओरडलो, "मधुकर, वकील ठेव! दवाखाना मला पाठ आहे!" पाठ वगैरे काही नव्हतं. मला उगाच त्याचे उपकार नको होते, आणि त्याचं नुकसान तर मुळीच नको होतं.

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. 'वकील' मिटलं आणि हौदात सोडलं. ते घटकाभर पाण्यावर उताणं फिरलं, मग पात्यानं खाली ओढून घेतलं. हिरामणनं तोंड दुसरीकडे केलं. इतके महिने त्या पुस्तकाला शिव्या घालणारा हिरामण.

साहेबांनी 'दवाखान्या'च्या पहिल्या पानावर सही करून दिली. "हाच आवडता काय रे तुझा?" त्यांनी विचारलं.

"होय साहेब," तांबे म्हणाला आणि मस्टर उघडं राहिलंय म्हणून निघून गेला.

दिवाळीनंतरच्या सोमवारी माझी परीक्षा झाली. तीस नावांचं पान आणि पाऊण तास. घाम कपाळावरून नाकावर येत होता, पण तो पुसायला हात मोकळा नव्हता. सत्तावीस नावं झाली तेव्हा साहेबांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खिडकीपाशी जाऊन उरलेली तीन होईपर्यंत बाहेर बघत राहिले. मग पान उचलून म्हणाले, "वाचता येतंय. उद्यापासून ये." मी खोलीवर जाऊन आईला पत्र लिहिलं, माझ्या हातानं. येत नाही, असं.

त्या टाइम ऑफिसात मी तांब्याशेजारी पुढची कितीतरी वर्षं बसलो. माझं लग्न, माझं कोपरखैरण्याचं घर, सगळं त्या खुर्चीतून झालं. मी तिखट माणूस आहे, लोकांचे उपकार मला पचत नाहीत. पण या माणसाचे मी मानतो, आणि मोठ्यानं मानतो. त्याच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

पहिल्या दिवशी त्यानं मला लाल पेन कधी काढायचं ते समजावलं. पट्टी कशी कापायची, खळ किती घ्यायची, सही कुठे करायची, सगळं. मी ऐकत होतो, पण डोक्यात दुसरंच होतं. शेवटी विचारलंच.

"मधुकर, खरं सांग. तुला वकील आवडायचं ना?"

"आवडायचं."

"मग टाकलंस कशाला? दीड वर्ष लिहीत होतास त्यात."

तो पट्ट्यांचा गठ्ठा सारखा करत बसला. मग मान वर न करता म्हणाला, "तू पुस्तक घेऊन गेलास ना भांडून, त्या रात्री मी वकील काढून बघितलं. त्यात काय लिहिलंय याबद्दल, ते. पान एकशे बारा. सोंगाचा हात गेला, तर ते सोंग बाद. खेळाडूनं नवीन सोंग घ्यावं. बस, एवढंच. एका ओळीत मिटवलंय."

"मग?"

"मग काय?" तांबे म्हणाला. "आमी नवीन धर्मराज कुटनं आणायचा?"

मी मस्टर पुढे ओढलं आणि पहिलं नाव लिहायला घेतलं.